घाटाखालचे मतदारसंघ : सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातील राजकीय सीमांचा इतिहास

छिंदवाड्याहून नागपूरकडे जाणारा रस्ता सिल्लेवानीचा घाट उतरून सौंसरच्या बाजूला आला की जमीन, पीक आणि बोली ही तिन्ही बदलतात. घाटावर सातपुड्याचे पठार, सागाचे जंगल, कोळशाच्या खाणी आणि हिंदी व गोंडी बोलणारी वस्ती आहे. घाटाखाली कन्हान आणि जाम या नद्यांच्या खोऱ्यातील काळी कापसाची जमीन आणि संत्र्याच्या बागा असून काटोल, सावनेर आणि वरुड या शेजारच्या तालुक्यांत कानी पडते तीच वैदर्भी वळणाची मराठी आहे. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणारी गोटमार, जामसावळीच्या मारुतीला लोटणारी गर्दी, लोधीखेडा-मोहगावच्या आठवडी बाजारांतील बोलणे-चालणे, या सर्वांवरून या पट्ट्याचे विदर्भाशी असलेले जुने नाते सहज ध्यानात येते. तरीही या पट्ट्यातला आमदार भोपाळच्या विधानसभेत बसतो आणि येथून निवडला जाणारा खासदार छिंदवाड्याचा म्हणून ओळखला जातो. हे कसे घडले, याचा शोध घेताना केवळ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपाशी थांबून भागत नाही, कारण त्या आधीची एक महसुली रेषा आणि त्या नंतरच्या अनेक निवडणूकविषयक रेषा एकमेकींवर रचल्या गेल्या आहेत.

मतदारसंघांच्या हद्दी जनगणनेच्या आधारे ठरावीक काळाने नव्याने आखण्याच्या कामाला महाराष्ट्रात मतदारसंघ पुनर्रचना आणि मध्य प्रदेशात परिसीमन म्हणतात. लोकसंख्या जिथे वाढली तिथे जागा वाढवाव्यात, जिथे तुलनेने कमी वाढली तिथून त्या काढाव्यात आणि प्रत्येक मताला शक्यतो सारखे वजन यावे, हा या कामाचा हेतू. तथापि कोणत्याही पुनर्रचनेला आधी एक साचा लागतो, ज्याच्या आत माणसे मोजायची आणि जागा वाटायच्या. भारतात हा साचा बहुतांशी जिल्हा हाच राहिला आहे. सौंसर-पांढुर्णा पट्ट्याच्या बाबतीत हा साचा स्वतंत्र भारतातील पहिल्या निवडणुकीच्या जवळपास शतकभर आधी तयार झाला होता, आणि पुढच्या प्रत्येक आयोगाने आपली रेषा त्या साच्याच्या आतच ओढली. या प्रदेशाच्या राजकीय प्रतिनिधित्वाचा इतिहास समजून घेताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची मानावी लागते.

देवगडच्या गोंड राज्याचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यात नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला. देवगड घाटावर आणि नागपूर घाटाखाली असले, तरी नागपूर शहराचा पाया देवगडच्याच बख्तबुलंदाने घातला होता, त्यामुळे भोसल्यांच्या काळात डोंगर आणि सपाटी यांना एकत्र ठेवण्यात काही विपरीत वाटण्याजोगे नव्हते. दोन्हींचा कारभार नागपूरहूनच चाले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यानंतर राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि इंग्रजी अमदानीच्या महसुली घडीत छिंदवाडा हा जिल्हा दोन तहसिलींचा ठरला : घाटावरची छिंदवाडा आणि घाटाखालची सौंसर. जिल्हा आखताना इंग्रज अधिकाऱ्यांसमोर जमाबंदी, जंगल आणि पोलीस बंदोबस्त हे विषय होते. त्या काळी मतदारच नव्हता, त्यामुळे कोणत्या भाषेचे लोक कोणाबरोबर मोजले जातील हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. हा जिल्हा नर्मदा विभागात घालण्यात आला, ज्याचे मुख्यालय होशंगाबादला होते. नागपूरच्या वेशीवरचा सौंसर आणि नर्मदाकाठचे होशंगाबाद एका आयुक्ताच्या अखत्यारीत आले ते असे, आणि त्याच वेळी मध्य प्रांताच्या हिंदी व मराठी अशा दोन भागांपैकी सौंसरची नोंद हिंदी भागात झाली.

प्रांताची राजधानी नागपूर असेपर्यंत या नोंदीची झळ फारशी जाणवली नाही. सौंसरच्या शेतकऱ्याला छिंदवाड्याला जिल्हाधिकाऱ्याकडे जावे लागे, पण प्रांतिक सरकार, १९३६ पासूनचे उच्च न्यायालय, महाविद्यालये आणि मोठी बाजारपेठ ही सर्व नागपुरात होती. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार या प्रांताला जोडला गेल्यावर प्रांतातील मराठी भाषकांचे बळ वाढले. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेच्या पायावर उभारल्या, तेव्हा मध्य प्रांतात हिंदी आणि मराठी भागांच्या समित्या वेगळ्या झाल्या; मात्र तिथेही जिल्हा अखंड धरला गेल्याने सौंसर तहसील हिंदी भागातच राहिली. प्रशासनाने आखलेली रेषा राजकीय पक्षाने आपल्या घडणीतही स्वीकारली की ती किती घट्ट होते, याचे हे पहिले उदाहरण म्हणता येईल. १९३१ मध्ये शिवनी जिल्हा मोडून छिंदवाड्यात विलीन करण्यात आला, तेव्हा या मोठ्या जिल्ह्यात घाटाखालच्या मराठी पट्ट्याचे प्रमाण आणखी कमी झाले. शिवनी पुन्हा वेगळा झाला तो १९५६ मध्ये.

राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सादर केला. न्यायमूर्ती फाझल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या या आयोगाने भाषावार मागण्यांचा विचार करताना सर्वसाधारणपणे जिल्हा हे एकक धरले, म्हणजे तुकडा पाडायचा तर जिल्ह्याच्या हद्दीवर पाडायचा, आतून कापायचा नाही असा दंडक पाळला, आणि एखादा प्रदेश एकभाषिक मानण्यासाठी त्या भाषेच्या लोकांचे प्रमाण सुमारे ७० टक्के असावे असे मानले. छिंदवाडा जिल्ह्याच्या एकूण गणनेत मराठी भाषक अल्पसंख्य होते, त्यामुळे या दंडकाने निकाल आधीच लागलेला होता. आयोगाने नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले. संसदेने तसे न करता १ नोव्हेंबर १९५६ पासून हे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडले आणि छिंदवाड्यासह जुन्या मध्य प्रदेशातले चौदा जिल्हे भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात गेले. सौंसरपुरते बोलायचे तर एका रात्रीत राजधानी नागपूरहून भोपाळला आणि उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला गेले. नागपूर शहराचेही राजधानीपद गेले होते, परंतु त्या शहरासाठी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार होता आणि पुढे दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन तिथे भरू लागले. सौंसर-पांढुर्ण्याच्या वाट्याला असा कोणताही करार आला नाही.

जिल्ह्याऐवजी खेडे हे एकक धरले असते तर निकाल वेगळा लागू शकला असता, ही कल्पना निराधार नाही, कारण देशात तसे घडले आहे. आंध्र प्रदेश आणि मद्रास यांच्यातील सीमातंटा सोडवताना ह. वि. पाटसकर यांनी खेडे हे एकक, भाषकांचे साधे बहुमत आणि प्रदेशाची सलगता ही तत्त्वे लावली, आणि त्यांच्या निवाड्यानुसार १९५९ च्या कायद्याने १ एप्रिल १९६० पासून दोन्ही राज्यांनी गावांची देवाणघेवाण केली. हेच सूत्र महाराष्ट्राने पुढे म्हैसूर राज्याबरोबरच्या सीमाप्रश्नात आग्रहाने मांडले. पाटसकर स्वतः १९५७ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते. त्यांच्या कारकिर्दीत आणि त्यानंतरही या राज्याच्या दक्षिण सीमेला मात्र त्यांचे सूत्र कधी लागले नाही. बेळगाव-कारवारसाठी महाराष्ट्रात जेवढे आंदोलन उभे राहिले, त्याच्या पासंगालाही पुरेल इतका आवाज सौंसरसाठी उठला नाही, आणि इतिहासकारांनीही या पट्ट्याकडे बहुधा सीमाप्रश्नाच्या तळटिपेतच पाहिले, ही उणीव मान्य केली पाहिजे.

राज्याची सीमा अशी कायम झाल्यावर उरला तो तिच्या आतील मतदारसंघांचा प्रश्न. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेश विधानसभेच्या २३२ जागा १८४ मतदारसंघांत विभागल्या होत्या, कारण त्यांतील ४८ मतदारसंघ द्विसदस्य होते. द्विसदस्य मतदारसंघ म्हणजे जिथून दोन प्रतिनिधी निवडले जात आणि त्यांपैकी एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव असे. सर्वसाधारण मतदार आणि आदिवासी मतदार एकाच मोठ्या मतदारसंघात दोन्ही जागांसाठी मत देत. १९५७ मध्ये छिंदवाड्याचा लोकसभा मतदारसंघही असाच होता, तेथून भिकुलाल चांडक आणि नारायणराव वाडिवा हे दोघे निवडून आले. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली आणि त्यानंतर राखीव मतदारसंघ पूर्णपणे राखीव आणि उरलेले पूर्णपणे सर्वसाधारण झाले. या बदलाचा परिणाम पुढे पांढुर्ण्याला कसा भोगावा लागला ते नंतर येईल, परंतु एवढे इथेच नोंदवले पाहिजे की, द्विसदस्य पद्धतीत मिश्र वस्तीच्या भागाला दोन आवाज मिळत, एकसदस्य पद्धतीत त्यातला एकच उरतो.

परिसीमन आयोग देशात चार वेळा नेमले गेले : १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ मध्ये. तिसऱ्या आयोगाने १९७१ च्या जनगणनेवरून आखणी केली, तेव्हा मध्य प्रदेशाच्या विधानसभेत ३२० जागा आल्या आणि एका आमदारामागे सुमारे १ लाख ३० हजार लोकसंख्या आली. छिंदवाडा जिल्ह्याच्या वाट्याला आठ मतदारसंघ आले : छिंदवाडा, परासिया, दमुआ, जामई, अमरवाडा, चौरई, सौंसर आणि पांढुर्णा. त्यानंतर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या आणि हद्दी दोन्ही गोठवल्या. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांना कमी जागा मिळून शिक्षा होऊ नये, हे गोठवण्याचे कारण, आणि राज्याराज्यांमधील वाटपापुरते ते योग्यही होते. परंतु हद्दी गोठल्याने प्रत्येक राज्याच्या आत जो असमतोल वाढत गेला, त्याचा विचार पुढची पंचवीस वर्षे झाला नाही.

हा असमतोल किती वाढला होता, हे दोन जिल्ह्यांच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. २००१ च्या जनगणनेत छिंदवाडा जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ४९ हजार २८३ आणि भोपाळ जिल्ह्याची १८ लाख ४३ हजार ५१० होती, म्हणजे दोन्ही जिल्हे जवळजवळ तुल्य झाले होते. मात्र छिंदवाड्याला आठ आमदार होते आणि भोपाळला चार. भोपाळच्या भोवती भेल कारखान्याची वसाहत असलेला गोविंदपुरा, जुन्या शहराच्या पलीकडे पसरलेल्या वसाहती आणि हुजूर तहसिलीतील नव्या वस्त्या यांमध्ये १९७१ नंतर माणसे भरत गेली आणि तिथे एका आमदारामागे साडेचार लाखांहून अधिक लोक आले, तर छिंदवाड्यात ते प्रमाण २ लाख ३१ हजारांच्या आसपास होते. उपनगरातल्या मतदाराचे मत ग्रामीण मतदाराच्या मताच्या अर्ध्या वजनाचे झाले होते, असा याचा अर्थ होतो.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील चौथ्या आयोगाने हा असमतोल दुरुस्त केला. २००२ च्या कायद्याखाली नेमलेल्या या आयोगाने, ८७ व्या घटनादुरुस्तीनंतर, २००१ च्या लोकसंख्येच्या आधारे काम केले. छत्तीसगड वेगळे झाल्यावर मध्य प्रदेशाकडे उरलेल्या २३० जागा कायम ठेवून त्यांची जिल्हावार फेरवाटणी केली. रीत अगदी साधी होती. राज्याच्या ६ कोटी ३ लाख ४८ हजार लोकसंख्येला २३० ने भागले की सरासरी २ लाख ६२ हजार येते. त्या सरासरीने जिल्ह्याच्या लोकसंख्येला भागून जवळच्या पूर्णांकाएवढ्या जागा त्या जिल्ह्याला द्यायच्या. छिंदवाड्याचा भागाकार ७.०५ आला, भोपाळचा ७.०३. भोपाळ चारवरून सातवर गेले, नरेला आणि हुजूर हे नवे मतदारसंघ शहराच्या कडेने उभे राहिले, आणि छिंदवाडा आठवरून सातवर आला.

महाराष्ट्रातही नेमके हेच झाले आणि तिथे त्याचे स्वरूप आणखी ठळक होते. २८८ ही संख्या कायम असल्याने एका आमदारामागे ३ लाख ३६ हजारांची सरासरी आली, आणि जिथे लोकल गाड्यांच्या मार्गाने वसाहती वाढल्या होत्या तिथे जागांचा ओघ गेला : ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर, मुंबई उपनगर १७ वरून २६ वर, आणि मुंबई शहर मात्र १७ वरून १० वर. विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या. सौंसरच्या अगदी शेजारी, नागपूर जिल्ह्यात, कळमेश्वर नावाचा मतदारसंघ नाहीसा झाला, ते गाव सावनेरात गेले, आणि औद्योगिक वसाहत व वाडीसारखी वाढती उपनगरे असलेला हिंगणा हा नवा मतदारसंघ निर्माण झाला. शहरात दक्षिण-पश्चिम नागपूर हा आणखी एक वाढला. उपनगराच्या वाढीची किंमत दूरचा ग्रामीण भाग जागांच्या रूपाने मोजतो, हा नियम काटोल-सावनेरच्या बाजूला आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजूला सारखाच लागू झाला. फरक इतकाच होता की कळमेश्वरच्या मतदाराने गमावलेली जागा त्याच्या नेहमीच्या व्यवहाराच्या नागपूर शहराभोवती गेली, आणि छिंदवाड्याच्या आठव्या जागेचा हिशेब तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या भोपाळच्या वाढीशी जोडलेला होता.

जिल्ह्याच्या आत ही एक जागा कमी करताना काय घडले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. परिसीमनाच्या आदेशात मतदारसंघाची व्याप्ती गावांच्या नावांनी दिलेली नसते. मध्य प्रदेशात ती महसूल निरीक्षक मंडळे आणि पटवारी हलके यांच्या रूपात लिहिली जाते. हलका म्हणजे एका पटवाऱ्याच्या ताब्यातील काही गावांचा गट, आणि असे अनेक हलके मिळून एक मंडळ होते. सीमेच्या पलीकडे महाराष्ट्रात याच गटाला तलाठ्याचा साझा म्हणतात आणि तिथला आदेश साझ्यांच्या भाषेत लिहिलेला असतो. मतदारसंघाची लोकसंख्या सरासरीच्या जवळ आणताना आयोग अशी मंडळे व हलके एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला जोडत जातो. छिंदवाड्यात प्रत्येक मतदारसंघात सुमारे २ लाख ६४ हजार लोक बसवायचे होते. घाटाखालच्या सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींची मिळून लोकसंख्या २०११ मध्येही पावणेचार लाखांच्या घरात होती. दोन मतदारसंघांसाठी सव्वापाच लाखांहून अधिक लोक हवे होते. ही तूट महाराष्ट्रातून भरून काढता येत नव्हती, त्यामुळे ती घाटावरच्या वस्तीतूनच भरावी लागली. अशा रीतीने घाटाखालच्या दोन्ही मतदारसंघांत पठारावरची गावे आली आणि या पट्ट्यातील मराठी मतदाराचे प्रमाण, कोणाचाही तसा हेतू नसताना, घटले.

याच फेरमांडणीत पांढुर्णा अनुसूचित जमातीसाठी राखीव झाला. आधीच्या आठांपैकी दमुआ, जामई आणि अमरवाडा हे तीन आदिवासींसाठी आणि परासिया अनुसूचित जातीसाठी राखीव होता. नव्या सातांत दमुआ राहिला नाही, जामईच्या जागी जुन्नारदेव आला, अमरवाडा राखीवच राहिला आणि तिसरी राखीव जागा पांढुर्ण्याकडे आली. राज्यभर आदिवासींच्या जागा ४१ वरून ४७ झाल्या होत्या आणि कायद्याचा नियम असा की, त्या जागा शक्य तितक्या जमातींचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या भागांत ठेवाव्यात. छिंदवाडा जिल्ह्यात २००१ मध्ये सुमारे ३५ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते, त्यामुळे सातांपैकी तीन जागा त्यांच्या वाट्याला येणे अवाजवी नव्हते. २००८ च्या नोव्हेंबरातील निवडणुकीपासून पांढुर्ण्यातून गोंड समाजाचे प्रतिनिधी निवडून येत आहेत.

या बदलाबद्दल घाटाखालच्या मराठी शेतकरी समाजात नाराजी निर्माण झाली असल्यास ती समजण्याजोगी आहे, परंतु इतिहासाच्या दृष्टीने तिला फारसा आधार सापडत नाही. देवगडच्या गोंड राजांचा हा मुलूख होता; भोसल्यांची आणि इंग्रजांची सत्ता येण्यापूर्वी या खोऱ्याचा धनी गोंड होता, आणि पुढच्या दोनशे वर्षांत जंगल कायदे, सावकारी व जमिनीची हस्तांतरणे यांमुळे सर्वाधिक मागे पडला तोही गोंडच. त्याच्यासाठी राखलेली जागा ही मराठी भाषकांच्या विरोधात उचललेले पाऊल मानण्याचे कारण नाही. दोष आहे तो एकाच मतदारसंघाला दोन वेगळ्या उपेक्षित समूहांचे प्रतिनिधित्व करण्याचे ओझे देणाऱ्या रचनेत : घाटावरच्या आदिवासी गावांना शाळा, रस्ता आणि वनहक्क हवा आहे, घाटाखालच्या गावांना संत्र्याची बाजारपेठ, पाणी आणि मराठी शाळेतला शिक्षक हवा आहे, आणि आमदार एकच आहे. द्विसदस्य मतदारसंघाची पद्धत ज्या कारणांसाठी बंद झाली ती कारणे खरी होती, तरी अशा मिश्र पट्ट्यांत तिच्या जागी काहीही दिले गेले नाही, ही गोष्ट तितकीच खरी आहे.

परिसीमनाच्या आदेशाविरुद्ध दाद मागण्याची वाटही फार अरुंद आहे. घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदानुसार मतदारसंघांच्या आखणीच्या कायद्यांना न्यायालयात आव्हान देता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये मेघराज कोठारी प्रकरणात ही मनाई आयोगाच्या आदेशांनाही लागू केली. ते प्रकरण मध्य प्रदेशातलेच होते : उज्जैन शहराचा सर्वसाधारण मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव केल्याविरुद्ध तिथल्या रहिवाशाने ते दाखल केले होते. २०२४ मध्ये न्यायालयाने बार्डोलीच्या प्रकरणात एवढी सवलत दिली की आदेश उघड मनमानीचा असेल तर घटनात्मक न्यायालये त्याची तपासणी करू शकतात. आयोगाच्या कामात राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नाही.

भाषेचा प्रश्न इथे विशेष रीतीने पुढे येतो. २००२ च्या कायद्यात मतदारसंघ आखताना भौगोलिक सलगता, नैसर्गिक रचना, प्रशासकीय घटकांच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय यांचा विचार करण्यास सांगितले आहे. भाषेचा उल्लेख त्यात नाही. १९५६ मध्ये राज्ये भाषेवर आखली, पण मतदारसंघ आखताना भाषा वगळली, त्यामुळे राज्याच्या कडेला राहिलेल्या भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण मिळते ते मतदारसंघाबाहेरच्या तरतुदींतून : मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय सांगणारा ३५० अ हा अनुच्छेद आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताचे पद निर्माण करणारा ३५० ब, दोन्ही १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले. या तरतुदी अमलात आणण्यासाठी विधानसभेत कोणीतरी सतत बोलत राहावे लागते. ज्या मतदारसंघात मराठी हा एक गट आहे, एकमेव नव्हे, तिथल्या आमदाराला या विषयापेक्षा कितीतरी मोठे विषय हाती असतात.

लोकसभेच्या बाबतीत हा पट्टा छिंदवाडा मतदारसंघाच्या सावलीत राहिला. जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ इतका काळ एकरूप होते की मतदारसंघाचे राजकारण म्हणजे छिंदवाडा शहराचे राजकारण झाले. १९७७ च्या जनता लाटेत मध्य प्रदेशात काँग्रेसने जिंकलेली एकमेव जागा ही होती, आणि १९८० पासून कमलनाथ येथून नऊ वेळा निवडून आले. सौंसरजवळ बोरगावला औद्योगिक क्षेत्र उभे राहिले, आणि या विकासाचा लाभ घाटाखालच्या लोकांना नक्कीच मिळाला. पण आपल्या मागण्या छिंदवाड्याच्या वाटेने मांडायच्या ही सवयही त्याच काळात पक्की झाली.

ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळी येथे त्या वेळचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली आणि ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सौंसर व पांढुर्णा या तहसिली मिळून नवा जिल्हा अस्तित्वात आला. इंग्रजी काळातली दोन तहसिलींच्या जिल्ह्याची रेषा दीडशेहून अधिक वर्षांनी प्रथमच तुटली आणि घाटाखालचा मराठी पट्टा स्वतःच्या जिल्ह्यात आला. कचेरीच्या कामासाठी घाट चढण्याची गरज संपली, हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखता येणार नाही. मात्र जिल्हा हेच एकक धरून जागा वाटण्याची जी रीत २००८ मध्ये होती, तीच पुढच्या वेळी कायम राहिली तर या लहान जिल्ह्याचे काय होईल, याचा हिशेब आजच करता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशाची लोकसंख्या ७ कोटी २६ लाख होती, २३० जागांची सरासरी सुमारे ३ लाख १६ हजार. पावणेचार लाखांच्या जिल्ह्याचा भागाकार दीडाच्या आत, म्हणजे सव्वाच्या जवळ येतो. एकूण जागा वाढल्या नाहीत तर नव्या जिल्ह्याला एकच आमदार मिळू शकेल, आणि सौंसर व पांढुर्णा यांपैकी एक नाव विधानसभेच्या यादीतून जाऊ शकेल. दुसरा मार्ग जिल्ह्याची हद्द ओलांडून मतदारसंघ आखण्याचा, ज्यात मतदारसंघ पुन्हा घाटावर जाईल. जागांची एकूण संख्या वाढवली तर दोन जागा टिकतील, आणि तसे झाले तर घाटाखालच्या दोन्ही जागा बहुतांशी घाटाखालच्याच मतदारांच्या असतील.

८४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे नवी फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर व्हायची आहे. परिसीमनाच्या कायद्यात मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचना घेण्याची आणि जाहीर सुनावणी करण्याची तरतूद आहे; आदेश एकदा निघाल्यावर जी वाट जवळजवळ बंद होते, ती या काही आठवड्यांत उघडी असते. पांढुर्णा जिल्ह्याचा मसुदा हिंदीबरोबर मराठीतही प्रसिद्ध व्हावा, पांढुर्णा आणि सौंसर येथेच सुनावणी घेतली जावी, आणि ग्रामपंचायती, बाजार समित्या व मराठी शाळांच्या पालकांनी आपल्या हलक्यांची नावे व लोकसंख्या पुढे ठेवून हरकती लेखी नोंदवाव्यात. नागपूरच्या मराठी वृत्तपत्रांनीही हा मसुदा आपल्या वाचकांसमोर मांडावा, कारण सौंसर त्यांच्याच वितरणाच्या परिघात आहे.